जुलैत रंधा मारू नका

दर वर्षी आषाढ अर्धा सरला की आमच्या मेजाचा डावीकडचा मधला खण अडतो. आधी ओढताना कुरकुरतो, मग दोन्ही हात लावावे लागतात आणि श्रावण लागेपर्यंत जागचा हलेनासा होतो. भोपाळच्या पिपलानी परिसरात हे माझ्या एकट्याच्या घरी होत नाही. पाऊस स्थिरावला की इथल्या सुतारांना सगळीकडून एकच बोलावणं येतं: दार लागत नाही, कपाट उघडत नाही, या आणि रंधा मारून जा. सुतार येतो, कडेचं दीड-दोन मिलिमीटर लाकूड सोलून काढतो, दार अलगद लागतं, घरची मंडळी खूश होतात. मला हे पाहवत नाही. लाकडी सामानाची निगा म्हटलं की आपण पॉलिशची चौकशी करतो, पण माझ्या मते निगेची पहिली अट ही आहे की जुलैत रंधा मारायचा नाही.

मी भेलच्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, भोपाळ कारखान्यात एकोणचाळीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक ट्रान्सफॉर्मर विभागात. बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं, पोलाद आणि तेल. पण आत कागद असतो, लगदा दाबून केलेले जाड पुठ्ठे असतात आणि तारा धरून ठेवायला राळ मुरवून दाबलेलं लाकूड असतं. हे सगळं हवेतलं पाणी पितं. म्हणून वाइंडिंग, म्हणजे तारांचं वेटोळं, तयार झालं की ते भट्टीत घालायचं, तापवायचं, हवा खेचून घ्यायची आणि आतलं पाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायचं. भट्टीतून बाहेर आलेलं वाइंडिंग आत गेलं होतं त्यापेक्षा बुटकं झालेलं असायचं. बांधणी सैल पडायची, ती पुन्हा आवळावी लागायची. तेही घड्याळाकडे बघत, कारण उघड्यावर राहिलं की पुन्हा पाणी प्यायला सुरुवात. झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी त्याचा धागा पाणी घेणं-सोडणं थांबवत नाही, हे मला पुस्तकाने नव्हे, हातातल्या पान्याने शिकवलं.

निवृत्त झाल्यावर मी घरातच मोजमाप सुरू केलं. त्या अडणाऱ्या खणाच्या दर्शनी फळीची उंची व्हर्नियरने मोजली. मेच्या शेवटच्या आठवड्यात १५८.६ मिलिमीटर, ऑगस्टच्या मध्याला १६०.४. जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक. त्याच फळीची लांबी मात्र दोन्ही वेळा तेवढीच होती. लाकूड रेषांच्या दिशेने जवळपास वाढत नाही, आडवं वाढतं. आणि वाढवर्तुळांच्या कडेने जेवढं वाढतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे. सागाचं नाव आहे ते हा सगळा खेळ तो इतर झाडांपेक्षा कमी खेळतो म्हणून, आणि तोही दोन मिलिमीटर हलतो. भोपाळची हवाच तशी आहे. मेमध्ये चाळिसाच्या वर पारा आणि दुपारची हवा पापडासारखी कोरडी, तर जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही.

आता त्या रंध्याचा हिशेब करा. ऑगस्टमध्ये फळी फुगलेली असताना दोन मिलिमीटर काढले. दिवाळीनंतर ती आकसली. तिचं आकसणं काही रंध्याने थांबत नाही. म्हणजे मेमध्ये त्या जागी चार मिलिमीटरची फट. झुरळं आत जातात, धूळ आत जाते, खण डुगडुगत चालतो, त्याच्या तळाचे सांधे झिजतात. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. मग कोणी त्या फटीवर पट्टी ठोकतं आणि पुढच्या आषाढात ती पट्टी अडते.

मग दार लागतच नसेल तर काय करायचं? घराचं मुख्य दार उघडं टाकून झोपा, असं मी म्हणत नाही. पण आधी बिजागऱ्या बघा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन ते खाली झुकलेलं असतं आणि दोष पावसाला मिळतो. स्क्रू काढायचा, भोकात बांबूची किंवा सागाची काडी फेव्हिकॉल लावून ठोकायची, वाळली की स्क्रू पुन्हा आवळायचा. खण अडत असेल तर तो अर्धा रिकामा करा. खच्चून भरलेल्या खणाचा तळ लोंबतो आणि तोच घासतो. खण निघत असेल तर त्याच्या धावपट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासा. साबण घासू नका, तो ओल धरतो. अडतं तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. सलग दोन-तीन पावसाळे त्याच खुणेवर अडलं, तर दसऱ्यानंतर सुताराला बोलवा, खूण दाखवा आणि केसभर काढायला सांगा.

हे मेज आमच्याकडे कसं आलं ते सांगतो, कारण माझा जीव त्यात का अडकला आहे हे त्याशिवाय कळायचं नाही. आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि राजधानी भोपाळला आली. फायलींबरोबर मराठी कारकुनांची घरंही आली. आजोबांनी भांडी वाटून टाकली, पण मेज सोडलं नाही. गोणपाटात गुंडाळून, सुंभाने बांधून ते रेल्वेने इटारसीवरून इथे आलं. साग आलापल्लीकडचा आहे, असं ते सांगत. त्याच भागातल्या जंगलांतला साग २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून समारंभाने रवाना झाला, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी नकळत मेजावर हात ठेवला होता. वडील १९६० मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले, पिपलानीत क्वार्टर मिळालं, मेज क्वार्टरमध्ये आलं. मी त्याच्यावर अक्षरं गिरवली, माझ्या मुलीने गिरवली. आता ते इथल्याच सोनागिरीतल्या आमच्या घरी खिडकीपासून हातभर लांब उभं आहे.

माझ्या लहानपणी त्याची एक बाजू खिळखिळी झाली होती. वडिलांनी एका वयस्क मिस्त्रींना आणलं. त्यांनी मेज उलटं केलं, पायाला हिसका दिला आणि म्हणाले, “बाबूजी, चूल हिल गई है.” मी गोंधळलो. आमच्या घरात चूल म्हणजे स्वयंपाकाची. वडिलांनी समजावलं: आडव्या लाकडाचं जे टोक तासून पायाच्या भोकात बसवतात, त्याला इकडे चूल म्हणतात. मिस्त्रींनी किटलीत पाणी उकळलं, चिंधी बुडवून ती सांध्याभोवती गुंडाळली आणि तासाभराने तो सांधा हाताने उकलला. आतला जुना सरस मऊ झाला होता. त्यांनी तो खरवडला, नवा सरस वितळवून लावला, दोरी आणि काठीने पीळ देऊन रात्रभर आवळून ठेवलं. खिळा एकही मारला नाही. तो सांधा अजून घट्ट आहे. फेव्हिकॉल १९५९ पासून बाजारात आहे आणि तो चांगलाच चिकटतो, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सरसाचा सांधा गरम पाण्याने उकलतो, म्हणून तो दुरुस्त होतो. जुनी खुर्ची डुगडुगायला लागली की लोक तिला बाहेरून खिळे मारतात. खिळ्याने चूल उभी चिरते आणि मग पुढच्या सुताराला दुरुस्त करण्याजोगं काही उरत नाही.

सगळ्यात मोठी चूक माझ्या स्वतःच्याच घरात झाली, आणि ती आठवली की आजही वाईट वाटतं. आईच्या कपाटाच्या दारांना चौकट आणि चौकटीच्या खाचेत बसवलेल्या रुंद फळ्या होत्या. मे महिन्यात त्या फळ्यांच्या कडेने पांढुरकी रेघ दिसायची. मी घरी नसताना पॉलिशवाल्याने, “फट भरून देतो, नव्यासारखं दिसेल,” असं सांगून त्या खाचा लांबी आणि फेव्हिकॉलने भरून टाकल्या. खरोखर सुंदर दिसलं. ऑगस्टमध्ये एका रात्री फटाका फुटावा तसा आवाज झाला. फळीने चौकटीचा खालचा सांधा उघडला होता. त्या फळ्या खाचेत मोकळ्या ठेवतात त्या बनवणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे. फळीला फुगायला जागा हवी म्हणून ती फट मुद्दाम ठेवलेली असते. ती पांढुरकी रेघ म्हणजे पावसाळ्यात पॉलिश करताना खाचेत लपलेला आणि कोरडाच राहिलेला भाग. पॉलिश हवा कोरडी असताना केलं असतं तर रेघ दिसलीच नसती.

म्हणून पॉलिशचा मुहूर्त. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, कारखान्यात १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते. माझ्या अनुभवात भोपाळला लाकडाचं काम या दोन्ही पूजा उरकल्यावर, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान काढावं. पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून सुकवत नाही. भर पावसात लाखेचं पॉलिश केलं की ते वाळता वाळता पांढरट पडतं. जाणता पॉलिशवाला त्या दिवसांत काम घेतच नाही.

लाखेचं पॉलिश म्हणजे चपडा. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचा किडा जो राळेसारखा थर करतो, तो गाळून केलेल्या पापुद्र्यांना चपडा म्हणतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंडच्या आदिवासी भागांतून ही लाख येते. पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा मऊ फडक्यात बांधायचा आणि पातळ हात देत जायचं, दहा, पंधरा, वीस. हल्ली सगळे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मागतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाला पीयू ठीक आहे. तिथे गरम भांडी ठेवली जातात, पाणी सांडतं. जुन्या सागाला मात्र मी ते लावू देत नाही. पीयूला चरा पडला की सगळा पृष्ठभाग घासून पहिल्यापासून करावा लागतो. चपड्याचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे हातभर जागा बिघडली तर हातभरच नीट करता येते. याचीच दुसरी बाजू २०२० मध्ये दिसली. दाराशी सॅनिटायझरची बाटली आली आणि गावभरच्या मेजांवर गोल डाग उमटले, कारण सॅनिटायझरमधला अल्कोहोल चपडा विरघळवतो. माझ्या मेजावरचा डाग मी तीन संध्याकाळी बसून घालवला. पीयू असतं तर तो डाग पडलाच नसता, हे मान्य आहे. तरीही माझं मत बदललेलं नाही.

आणि पॉलिश करालच तर मागच्या बाजूलाही, खालच्या बाजूलाही एक-दोन हात द्या. दर्शनी बाजू बंद आणि आतली उघडी राहिली की पाणी एकाच बाजूने आत-बाहेर करतं आणि फळी वाकते. कोणाला दिसत नाही म्हणून तेवढे पैसे वाचवायचे, हे मला पटत नाही.

खोबरेल आणि सरसूचं तेल लाकडाला चोळायची पद्धत इकडे घरोघरी आहे. चमक येते, पण ही तेलं वाळत नाहीत, चिकट राहून धूळ धरतात आणि दोन वर्षांत कपाट काळवंडतं. तेलच द्यायचं तर जवसाचं द्या, ते हवेत वाळून घट्ट होतं. त्यातही एक सांभाळा, आणि हे मी कळकळीने सांगतो: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या एकेक करून दोरीवर पसरा.

उन्हाळ्यातला शत्रू कूलर. भोपाळमध्ये खिडकीत कूलर आणि कूलरच्या झोतात कपाट, हे दृश्य किती घरांत दिसतं! कपाटाची एक बाजू ओली हवा पिते, दुसरी लू. दार वाकलं नाही तरच नवल. कपाट झोतातून बाजूला घ्या, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दुसरं, फरशी पुसायचं पाणी. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, आणि पायाचं ते टोक थेट फरशीवर टेकलेलं असतं. वर्षातून एकदा मेज-खुर्च्या आडव्या करून पायांच्या तळाला मेण वितळवून चोळलं तर पाय कुजत नाहीत.

वाळवीबद्दल फक्त एक गोष्ट. साग असला म्हणजे वाळवी लागत नाही, या भरवशावर राहू नका. सागाच्या गाभ्याचं लाकूड ती सहसा खात नाही, पण सालीलगतचं फिकट लाकूड खाते, प्लायवूड खाते आणि कागद तर आवडीने खाते. आमच्या पुस्तकांच्या कपाटाची पाठ प्लायवूडची होती. भिंतीतून मातीची नळी आली, पाठीतून आत शिरली आणि वडिलांनी जपलेले दिवाळी अंक आतून पोखरून गेली. सागाच्या फळ्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. कपाट भिंतीला टेकलेलं नसतं तर ती नळी महिनाभर आधी दिसली असती.

आता ज्या गोष्टीने मला हे लिहायला बसवलं तिच्याकडे येतो. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यातून माझ्या पिढीची माणसं क्वार्टर सोडत आहेत. कोणी कोलार रोडला फ्लॅट घेतला, कोणी मुलाकडे पुण्याला, बंगळुरूला निघालं. क्वार्टर रिकामं करायच्या आठवड्यात कबाडीची गाडी दाराशी लागते आणि साठ-साठ वर्षांचं सागाचं सामान मिळेल त्या भावात जातं. “अडतं हो, डुगडुगतं हो, कोण करत बसणार?” असं म्हणतात. त्याच आठवड्यात भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं चकचकीत कपाट हप्त्यांवर येतं. सागाची फळी पावसात फुगते आणि हिवाळ्यात परत जागेवर येते. भुशाचा बोर्ड पाणी पिऊन फुगला की परत येत नाही. त्याची कड पावासारखी उलते आणि स्क्रू त्यात धरत नाही. म्हणजे जे दुरुस्त होतं ते आपण अडतं म्हणून टाकतो आणि जे दुरुस्तच होत नाही ते विकत घेतो.

इथून फार लांब नाही, सातपुड्यात बोरी नावाचं सागाचं जंगल आहे, १८६५ मध्ये राखीव केलेलं. सागाची रुंद फळी द्यायच्या जोगं झाड व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात. आपल्या घरातलं जुनं कपाट ज्या झाडाचं आहे, ते आपल्या आजोबांच्याही आधी उगवलं असेल. ते कबाडीला देणाऱ्याला मी दोष देत नाही. चांगला सुतार दुरुस्तीला मिळत नाही, ही खरी अडचण आहे. पण तो का मिळत नाही? आपण मॉड्युलर किचनवाल्याला न कुरकुरता लाखाचा धनादेश देतो आणि दोन दिवस बसून खुर्चीचे चार सांधे उकलून जोडणाऱ्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. मागच्या वर्षी माझ्या दोन खुर्च्यांचे मिस्त्रींनी अठराशे रुपये सांगितले. मी दोन हजार दिले आणि त्यांच्या मुलाला शेजारी बसवून काम दाखवायची विनंती केली. तो मोबाइल बाजूला ठेवून दोन्ही दिवस बसला.

मेज आता मुलीकडे पुण्याला जायचं आहे. तिने मागितलं आहे, मला आनंद आहे. पण पावसाळ्यात पाठवणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. फुगलेलं मेज गाडीत आवळून बांधलं तर सांधे दुखावतील. डिसेंबरात पाठवेन. प्लास्टिकमध्ये नाही, गोधडीत गुंडाळून, खण वेगळे काढून, प्रत्येकाच्या पाठीवर खडूने आकडा घालून. पहिलं वर्षभर काही करू नकोस, तिथली हवा त्याच्या अंगवळणी पडू दे, आणि पुढच्या जुलैत कोणी रंधा घेऊन आला तर आधी मला फोन लाव, असंही सांगून ठेवलं आहे. सध्या मधला खण घट्ट बसला आहे. त्यातली पासबुकं आणि पेन्शनचे कागद मी जूनच्या पहिल्याच आठवड्यात वरच्या खणात हलवले.